ओली पत्ती
ओल्या वेताचा वास आला की सातपूरचा तो हॉल आठवतो. आमच्या कारखान्यातले दोन कामगार सॅक्सोफोनवर जॅझ वाजवायचे. एकाने सुरांतून विचारायचं, दुसऱ्याने सुरांतूनच उत्तर द्यायचं. दुसरा प्रेस मशिनखाली मेला आणि निर्लज्ज मालक म्हणाला, चूक त्याचीच. त्याच्या आठवणीत जोडीदाराने दुपारी कार्यक्रम ठेवला, तेव्हा मी युनियनच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊनच गेलो. मजकूर मीच रचला होता, तोही मेलेल्याच्या तोंडचा: ‘मला न्याय द्या!’ जोडीदार वाजवू लागला. शेजारच्या खुर्चीवर मित्राचा सॅक्सोफोन होता. आपला सवाल संपला की तो थांबायचा, बरोबर जवाबाइतका. मला वाटलं, बिचारा विसरतोय. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी पत्रक उंचावून घोषणा द्यायला उठलो. तो खेकसला, “खाली बस रे भाऊ! त्याचं चाललंय ना!” लोक माना डोलवत होते, मला फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. शेवटी खुर्चीवरचा सॅक्सोफोन पेटीत ठेवायला मी उचलला. कार्यक्रमभर त्याला कुणी हात लावला नव्हता, तरी ओठात धरायची वेताची पत्ती ओली होती, कोमट. गठ्ठा तसाच घरी नेला. मालकांना मी आजही सोडत नाही, पण मेलेल्या माणसाच्या तोंडी एक शब्द घालत नाही.