कमलच्या गळ्यातली चांदीची नळी

नगरच्या दवाखान्यातल्या आम्ही जुन्या नर्सेस भेटलो की चहा गार होतो आणि किस्से निघतात. बहुतेक हसण्यावारी जातात. नळीवाल्या पोरांचे निघाले की मात्र आमचे आवाज आपोआप खाली येतात. दुष्काळाच्या सालातली कमल त्यातलीच.

*

कमल शेवगावकडची, दोन वर्षांची. घटसर्पाने घसा आतून आवळलेला. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली. पण आमच्याकडची सगळ्यात छोटी नळीही तिला लांब पडायची. आत टोचून रक्त यायचं. शेवटी तिच्या मापाची नळी चांदीत घडवून घ्यायला डॉक्टर नळीचं चित्र घेऊन रंगनाथ सोनारांकडे गेले. सोनारांनी कागद परत दिला.

"डॉक्टर, कागदाला गळा नसतो. पोर दाखवा!"

*

पहिली नळी आली ती वेलबुट्टीसकट! गळ्यावर टेकणाऱ्या चकतीवर बारीक नक्षी. डॉक्टर भडकले, "अहो, यात घाण अडकेल!"

"मुलीच्या गळ्यात जायची. ओकीबोकी कशी द्यायची?" असं पुटपुटत सोनारांनी ती घासून गुळगुळीत केली. मला बाई वाईटच वाटलं.

*

कमल वाढेल तशी नवी नळी लागायची. प्रत्येक नळी देण्याआधी सोनारकाका स्वतः नाक दाबून तिच्यातून श्वास घ्यायचे. तोंड लालबुंद! मी एकदा ओरडले, "काका, चक्कर येऊन पडाल!"

"गिऱ्हाइकाला बोलता येत नाही, सिस्टर. तक्रार मलाच करावी लागते."

नंतर आम्ही ती नळी उकळून घ्यायचो, हे वेगळं सांगायला नको.

*

कमलची आई सखूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते; कफ अडकला की ती काढून धुवायला सखूबाई शिकली होती. तरी पोरीला घरी न्यायला घाबरत होती. श्वास नळीतूनच बाहेर जाणार, मग रडण्याला आवाज कुठून येणार?

"रडती त्ये दिसतं, पर आयकू येत न्हाई. खडी फोडताना माजी नजर खाली आसती. कसं कळायचं मला?"

मी हे सोनारकाकांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सोनारकाका घुंगरांचे वाळे घेऊन आले. श्वास अडला की पाय आपटायचा, हे कमलला खेळातून शिकवलं. दिवसभर वॉर्डात छमछम! मेट्रन म्हणाल्या, "दवाखाना आहे की तमाशाचा फड?" पण थांबवलं त्यांनीही नाही.

पुढच्या खेपेला सखूबाई सांगत होती, "खडीवर वाळं वाजलं, बाई. हातोडा टाकून पळाले. पोर निळी पडली हुती." नळी धुतली, पोर वाचली. सांगताना ती रडली नाही, मी रडले.

*

दोन वर्षं डॉक्टर कमलचा घसा थोडाथोडा रुंद करत गेले आणि एकदाची नळी निघाली. भोक बुजेपर्यंत बोलायचं नाही, असा हुकूम होता. पुढे आवाज फुटेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

घरी जायच्या दिवशी सोनारकाकाही आले होते. सखूबाई पाठमोरी बसून गाठोडं बांधत होती. डॉक्टरांनी कमलला खूण केली.

"आये!"

घोगरा, पण चांगला मोठा आवाज! सोनारकाकांनी टोपी काढली. सखूबाई गाठोडं बांधतच राहिली.

"आये!"

"कुनाची तरी पोर हाका मारतीया, बाई. बगा की," सखूबाई मला म्हणाली.

कमल कॉटवरून उतरली आणि तिने वाळ्याचा पाय आपटला.

गाठोडं तिथंच टाकून सखूबाई धावली आणि पोरीचा गळा चाचपू लागली.