नाकापासून निघालेल्या पेशी

एकोणिसावं सरलं तरी मला पाळी आली नव्हती. चिचगडजवळच्या आमच्या गावात अशी गोष्ट लपत नाही. मोठी काकी तर माझ्यादेखत आईला म्हणायची, "ग्रहणात भाजी चिरली असशीन तू. अर्धीच पोरगी आली पोटातून." आई मान खाली घालून तांदूळ पाखडत राहायची. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला संताप यायचा.

गोंदियाच्या डॉक्टरांनी तीन वर्षं टॉनिक दिलं. "टाइम लगता है किसी-किसी को," म्हणायचे, तेही मान वर न करता.

शेवटी आई मला नागपूरला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं, "तुला वास येतो का गं?"

मी सवयीने हो म्हणाले. मोहफुलं वेचताना बाया म्हणायच्या, वासानं डोकं चढलं. मीही तसंच म्हणायचे. बाईंनी मला डोळे मिटायला लावून कॉफीची बाटली नाकाशी धरली. बाटली रिकामी आहे असंच मला वाटलं.

"वास येत नाही तुले? मंग सांगितलं काऊन नाही?" आई ओरडली.

"कोणी पुसलं का मले?"

पुढे रक्ताचे, मेंदूचे रिपोर्ट आले. बाईंनी कागदावर चित्र काढलं. पाळी सुरू करण्याचा निरोप देणाऱ्या चेतापेशी गर्भात नाकाजवळ तयार होतात आणि तिथून मेंदूत जातात. वाटेत कुठे रसायन दाट असतं, कुठे पातळ. काही रसायनं पेशीला ओढतात, काही मागे लोटतात. तो फरक ओळखत ती पुढे सरकते. वासाचे तंतूही त्याच वाटेनं मेंदूत जातात, म्हणून त्यांनी वासाचं विचारलं होतं.

"हिच्या पेशींना ती वाट सापडली नाही. जनुकातला बिघाड आहे. आईच्या वागण्यानं असं होत नाही."

आई रडायला लागली. मी पेटले होते. तीन वर्षांत हा एक प्रश्न विचारायला त्या गोंदियाच्या डॉक्टरचं काय जात होतं?

गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी पाळी आली. त्याच आठवड्यात रिपोर्ट घेऊन मी काकीच्या अंगणात गेले आणि तिला सगळं सांगितलं.

काकीनं कागद उलटसुलट करून पाहिला. "मशीनले ग्रहण दिसते का वो?"

"एवढी वर्सं मायले बोलून राहिली तू! आता तरी गप्प बस!" मी किंचाळले. शेजारच्या बाया बाहेर आल्या. येऊ देत म्हटलं.

तेव्हापासून काकीच्या घरचं पाणीही मी पीत नाही. आई सणावाराला जाते, मलाही चल म्हणते. मी जात नाही.