खालच्या कप्प्यावरची पट्टी

आकाशनिरीक्षण मंडळाच्या ग्रंथालयात तीन कपाटं, चारशे बारा पुस्तकं आणि एक स्टोअरकाका. हे नाव त्यांना मंडळानेच ठेवलं होतं. काकांनी एकतीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. तिथे सहीशिवाय साधा नटबोल्ट कुणाला मिळत नसे, आणि सही करणाऱ्याकडेही काका अशा नजरेने बघत की त्या बिचाऱ्याला स्वतःचे खिसे उलटे करून दाखवावेसे वाटत. निवृत्तीनंतर माणसं मवाळ होतात म्हणे. काका झाले नाहीत.

मंडळाची खोली एका जुन्या इमारतीच्या सर्वात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या दाराला लागून. रविवारी सकाळी काका तिथे बसून पुस्तकं देत. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लागे. त्या वेळी कपाटं उघडी राहत आणि ज्याने त्याने पुस्तक घेऊन वहीत आपली नोंद आपण करायची, असा मंडळाचा जुना रिवाज होता. काकांना तो मुळीच मान्य नव्हता. पण मग शनिवारी तुम्हीच थांबा, असं कुणी म्हटलं की ते अक्काला पुढे करत. थोरली बहीण घरी एकटी असते, अंधाराच्या आत पोहोचावं लागतं.

खरं काय ते फक्त अक्काला ठाऊक होतं. काकांना दिवेलागणीनंतर दिसत नसे. दिवसा ते सुईत दोरा ओवून देत, पण उजेड उतरला की भिंत धरून चालत. चार वर्षं झाली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तारे बघणाऱ्यांच्या मंडळात ही गोष्ट फुटली तर आपल्याकडची किल्ली जाईल, या धास्तीने काकांनी तोंड शिवून घेतलं होतं. किल्ली गेली तर रविवारी सकाळी करायचं काय, हा विचारसुद्धा त्यांना सोसत नसे.

आणि अशातच ती एक्सरेवाली मंडळात आली.

इस्पितळात एक्सरे काढायची तिची नोकरी. रविवारी ड्यूटी, म्हणून ती फक्त शनिवारी येई. काकांनी तिला जेमतेम दोनदा पाहिलं होतं, वार्षिक सभेत आणि एकदा जिन्यात. त्या सभेत तिने सुचवलं होतं की ग्रंथालय संध्याकाळीही नीट चालवता येईल. झालं. काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

मधल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात नऊ मोठी पुस्तकं होती, ताऱ्यांचे नकाशे आणि जाडजूड कोष्टकं, पुन्हा विकत मिळणार नाहीत अशी. कप्प्याच्या कडेला काकांनी पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं होतं, ‘ही पुस्तके घरी नेऊ नयेत.’ एका रविवारी मोजताना नऊची आठ भरली. वहीत बघतात तर एक्सरेवालीच्या नावावर रीतसर नोंद, ठसठशीत अक्षरात. काकांनी शेजारी शेरा मारला, ‘नियम वाचावा.’ पुढच्या रविवारी ते पुस्तक जागेवर होतं आणि दुसरं गेलं होतं. नोंद त्या शेऱ्याच्या अगदी खाली.

चोर गुपचूप नेतो, ही बाई सही करून नेते, याचा काकांना जास्त राग आला. त्यांनी पट्टी बदलून अक्षरं दुप्पट मोठी केली. शेरे वाढत गेले. ‘पट्टी पाहावी.’ ‘हे शेवटचे सांगणे.’ बाई ढिम्म. यात कुठेतरी पाणी मुरतंय, काकांची खात्री झाली. अध्यक्ष घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात जाऊन काका बोलले, तर डोळ्यावरचं भिंगही न काढता ते म्हणाले की अहो, तिला समोरासमोर सांगा ना. म्हणजे अध्यक्षही सामील. आपल्याला चिडवायचं, चिडून आपण राजीनामा द्यायचा आणि किल्ली अलगद हिच्या हातात. रात्री जेवताना त्यांनी हा सगळा डाव अक्कासमोर मांडला. अक्का म्हणाली, “तुला दिवसासुद्धा कमी दिसायला लागलंय.”

सातव्या शेऱ्यानंतर काकांनी तक्रारअर्ज लिहिला. सदर सभासदाचं नाव कमी करावं, नाहीतर मला मोकळं करावं. अर्ज खिशात घालून, रंगेहाथ पकडायचंच या इराद्याने, ते शनिवारी पाच वाजता उजेडातच येऊन कपाटांच्या मधल्या स्टुलावर बसले.

सातला अध्यक्षांनी पांढरा दिवा बंद करून लाल लावला. गच्चीवर अंधाराला सरावलेले डोळे खोलीतल्या उजेडाने दिपू नयेत, म्हणून शनिवारी लालच दिवा असे. काकांच्या लेखी खोली विझली. वर कुठेतरी एक लाल ठिपका, बाकी काळोख. ते स्टुलाची कड धरून बसून राहिले. लोक येत-जात होते. मग चपला जवळ आल्या, वहीचं पान उलटलं, आणि खालच्या कप्प्यातून जड पुस्तक ओढल्याचा आवाज आला.

“थांबा,” काका म्हणाले. “पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा.”

ती दचकली. आवाज तिचाच होता. पट्टी कोरीच आहे, ती म्हणाली. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडावर खोटं. ते हाताने कप्पा चाचपत खाली बसले आणि पट्टीला नाक लावलं. त्यांनाही काही दिसलं नाही. दिसणार नाहीच, आपले डोळे आपल्याला माहीत आहेत. पण हे तिला कळता कामा नये. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवत एकेक शब्द म्हटला, “ही. पुस्तके. घरी. नेऊ. नयेत. मला स्वच्छ दिसतंय, तुम्हाला दिसत नाही?”

मग तिने मोबाइलचा दिवा लावला. गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, पण तिने तो तसाच धरला. पट्टीवरची तांबडीलाल, बोटभर उंचीची अक्षरं एकदम वर आली. तिने वही उजेडात धरली आणि सातही शेरे एकामागून एक मोठ्याने वाचले. काका मान खाली घालून ऐकत होते. एकतीस वर्षांची सवय, हरकत नेहमी लाल शाईत.

“काका, लाल दिव्यात लाल शाई दिसत नाही,” ती म्हणाली. “पूर्वी एक्सरेची फिल्म धुवायच्या आमच्या डार्करूममध्ये असाच दिवा होता. तिथे आम्ही सगळं काळ्याने लिहायचो.” मग तिने आवाज उतरवला. “कुणालाच दिसत नाही. मग तुम्हाला कसं दिसलं?”

कारखान्यात काकांनी शंभर माणसांना अशाच एका प्रश्नात पकडलं होतं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“चार वर्षं.”

तिने दिवा बंद केला, पुस्तक परत कप्प्यात ठेवलं आणि त्यांचा दंड धरला. जिना उतरताना ती प्रत्येक पायरी मोजून सांगत होती. शेवटच्या वळणावर काकांना राहवलं नाही. “माझ्या खिशात तुमच्याविरुद्ध अर्ज आहे,” ते म्हणाले.

“लाल शाईत?”

“हो.”

“मग मी पाहिलाच नाही. अकरा, बारा, संपला जिना.”

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांसमोर डोळ्यांचं सांगून टाकलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. बराच वेळ कुणी ती उचलली नाही. शेवटी अध्यक्षांनी ती काकांकडे सरकवली आणि म्हणाले की दुसरी करून घेऊ, शनिवारची तिच्याकडे.

काका अजूनही रविवारी आले की आधी खालचा कप्पा मोजतात. शनिवार तिच्याकडे असतो, म्हणून दोनदा मोजतात. ते तिला माहीत आहे. वहीत शनिवारच्या नोंदींखाली ती दर वेळी काळ्या शाईत लिहून ठेवते, ‘नऊ आहेत. मोजून घ्यावीत.’