पैलवानाचं रक्त

पिशवीतून नळीत पडणारा लाल थेंब पाहिला की मला थापा सुचतात. थॅलेसेमियामुळे नंदाताईनं आणि मी वर्षानुवर्षं शेजारच्या खाटांवर परक्यांचं रक्त घेतलं. आमच्या अंगात अख्खा तालुका वाहत होता. निवडणुकीत बिनविरोध आलो असतो!

"ताई, आज तुला पैलवानाचं रक्त. रिक्षा उचलून घरी नेशील."

"तुला गवयाचं मिळो, मेल्या. निदान सुरात थापा मारशील."

साथ आली, रक्तदान शिबिरं थांबली. आमच्या गटाची एकच पिशवी उरली.

"त्याला लावा, सिस्टर. मला आज बरं वाटतंय," ताई म्हणाली. एवढी मोठी थाप मला कधीच जमली नव्हती. पुढची पिशवी येण्याआधीच ताई गेली.

आज सिस्टरनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाचं रे आज?"

"ताईचं."

सिस्टर हसल्या नाहीत. थेंब पडत राहिला.