विटकरी रंगाचा फोटो

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. लातुरात माझा फोटो स्टुडिओ होता. क्लासच्या पोरांचे पासपोर्ट फोटो काढण्यात तीस वर्षं गेली. कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या... तरी आज हे लिहून राहिलो.

बायको गेली — सुमन — आणि घर खायला उठलं. वेळ जावा म्हणून मिठाचे फोटो करायला लागलो. कागद मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, वरून सिल्व्हर नायट्रेटचा ब्रश फिरवायचा, निगेटिव्ह लावून गच्चीवर उन्हात ठेवायचा. फोटो आपोआप उमटतो. पण रंग काही जमेना, सगळं विटकरी! पाणी बदललं, कागद बदलला... छे! मला पाहिजे होता जुन्या फोटोंचा जांभळट तपकिरी. त्या रंगात आमचा सहस्रकुंडच्या धबधब्यावरचा फोटो भिंतीवर लावायचा होता. फोटोग्राफरच्या घरात जोडीचा धड फोटो तेवढा एकच — बोला आता!

मग जिन्याखाली खडेमिठाची अर्धी पिशवी सापडली. ते वापरून आधी कडुलिंबाच्या फांदीचा फोटो केला. काय रंग आला म्हणता, हवा तस्साच!

दुसऱ्या दिवशी दुपारी जोडीचा लावला. धबधबा आला, खडक आला, खडकावर मी आलो. शेजारी नुसता खडक. निगेटिव्ह उजेडात धरली, तर तिच्यात सुमन होती, हसत होती. तीन वेळा केला. तिन्हीत मी एकटाच.

त्याच आठवड्यात उदगीरहून अक्का आली, माझी थोरली बहीण. पिशवी बघून भडकलीच.

"अरे बाबा, हे कशाला काढलास? सुमनच्या मातीला आणलेलं मीठ हाय ते!"

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, भोवती मीठ-विभूती घालतात. त्या दिवशी मला कशाचीच शुद्ध नव्हती.

"उरलेलं घरी आणत न्हाईत. कोण मेल्यानं आणलं की! तिच्या वाट्याचं हाय, तिला नेऊन दे."

"अक्का, मीठ ते मीठ," मी म्हणालो खरा. पण संध्याकाळी जाऊन सगळं तिच्या समाधीवर ओतलं. खूप रडलो.

मग स्वयंपाकघरातल्या मिठानं पुन्हा केला. दोघंही आलो. विटकरी.

एका निगेटिव्हमधून एकच माणूस कसं गळतं, मला अजून कळलेलं नाही. ते तीन कागद कपाटात आहेत, रंग एकदम बरोबर आहे त्यांचा. भिंतीवर मात्र विटकरीच लावलाय. येणारा-जाणारा म्हणतो, रंग बिघडलाय. हाव, बिघडलाय. पण शेजारी सुमन बसलेली हाय.