खोकेवाल्याचा जामीन

"जामीन राहू नये आणि जामीन मागू नये, मधे जे उरतं तो आपला धंदा."

हे खोकेवाला एकदा म्हणाला होता, धाकट्या भावाला, उंबऱ्यात उभं ठेवून. भावाचा छोटा छापखाना होता, मशीन जुनं झालं होतं आणि बँक एक सही मागत होती. भावानं काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली आणि तो गेला. वर्षभरात छापखाना बंद पडला. खोकेवाल्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आपलं वाक्य चांगलं जमलं होतं, असंही त्याला वाटत राहिलं. माणूस एखाद्या वाक्यात राहायला जातो आणि मग त्याला बाहेरचं दार सापडत नाही, तसं त्याचं झालं.

धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. भाड्याची लांबट शेड. एका टोकाला पुठ्ठा कापायचं जुनं कटर, त्यानं खोकेवाल्याच्या डाव्या हाताचं एक बोट कधीच घेतलं होतं. दुसऱ्या टोकाला लांब टेबल, त्यावर खळीच्या बादल्या आणि भोवती चार बायका. कापलेला पुठ्ठा दुमडायचा, कडेला खळीचा पट्टा ओढायचा, अंगठ्यानं दाबत न्यायचं, रचून ठेवायचं. चौघींत मोठी ती मावशी. तिला सगळे मावशीच म्हणत, तिच्याहून थोरला असलेला टेंपोवालासुद्धा.

शेडच्या मधोमध काचेची खोली होती, ती मालकाची. तिच्याभोवती तयार खोक्यांच्या थप्प्या इतक्या उंच जात की काच असून नसल्यासारखी होई. दुपारी बायका टेबलाशी जेवत, एकमेकींच्या डब्यात हात घालत, कुणाच्या तरी नवऱ्याची टिंगल करत. तो आत एकटा जेवी. हसणं पुठ्ठ्यातून गाळून त्याच्यापर्यंत येई, शब्द वाटेत गळालेले असत. बाहेर जाऊन बसायला कुणाची मनाई नव्हती. पण आपण गेलो की हसणं थांबेल हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि ते थांबलेलं ऐकायची त्याची तयारी नव्हती.

घरी तर विचारायलाच नको. बायको गेल्यावर त्यानं स्वयंपाकघरातले डबे हळूहळू माळ्यावर टाकले आणि सगळं सामान नमुन्याच्या खोक्यांत भरलं. मीठ खोकल्याच्या औषधाच्या खोक्यात, साखर बुटांच्या. मुलगी एकदा आली तेव्हा ते बघून पोटभर हसली, आणि मग भांडी घासताना तिच्या नाकाचा आवाज येत राहिला. ती लांब राहायची. फोनवर "जेवलात का?" विचारायची, तो "हो" म्हणायचा, आणि फोन ठेवला जायचा.

तसं आपण भलं, आपलं काम भलं, असं चालून गेलं असतं. पण खोकी घेणारा बुटांचा कारखाना पिशव्यांवर गेला आणि गिऱ्हाईक म्हणून उरली एक औषधाची कंपनी. तिथं खोकी आपोआप उघडून भरणारं नवं यंत्र आलं. हातानं ओढलेली खळ कधी जरा आत सरकते, खोकं आतून चिकटतं, आणि सगळी रांग ठप्प होते. तुमची खोकी आमच्या मशीनच्या घशात अडकतात, असं तिथल्या खरेदीवाल्यानं तोंडावर सांगितलं. चार महिने देतो, म्हणाला. मशीनवर चिकटवलेली खोकी द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. म्हणजे मशीन आलं नाही तर शेडला कुलूप. आणि आलं, तर त्याच्यापाशी उभं राहायला एक माणूस पुरे होतं.

हे खोकेवाल्याला माहीत होतं. बायकांना एवढंच कळलं होतं की मालक मशीन घेताहेत. त्या शेडमध्ये मशीन म्हणजे कटर. दुसरं मशीन तिथं कधी नव्हतंच, तेव्हा नवं कटर येणार असंच त्यांनी धरलं. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

बँकेतली मॅनेजर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिनं कागद मन लावून पाहिले. हिशेब इतके स्वच्छ की नव्या पोरांना शिकवायला ठेवून घ्यावेत, म्हणाली. पण शेड भाड्याची. राहतं घर अजून वडिलांच्या नावावर, त्यात भावाचा वाटा, आणि भावांत बोलणं नाही. तारण म्हणून ठेवावं असं काहीच नव्हतं. जुन्या कटरला तर भंगारवालासुद्धा हात लावायला भ्यायला असता.

"काका, तुमच्या मागे कुणी आहे का?" तिनं विचारलं.

"भिंत आहे," तो म्हणाला.

ती हसली. तो हसत नाही हे बघून तिनं हसू आवरलं आणि नीट समजावलं, की एक जामीनदार आणा, घर किंवा जागा नावावर असलेला कुणीही चालेल. एका सहीवर घोडं अडलंय.

तो आधी कागदाच्या व्यापाऱ्याकडे गेला. आयुष्यभर त्याच्याकडून रोखीनं पुठ्ठा घेतलेला. व्यापाऱ्यानं खुर्ची दिली, चहा दिला, तब्येतीची चौकशी केली आणि सहीचं नाव निघताच डोळे मिचकावले. जामीन राहू नये आणि मागू नये, हे मी कुणाकडून शिकलो सांगा बरं, म्हणाला. दुकानातली दोन माणसं हसली. खोकेवाल्यानं चहा संपवला, कारण अर्धा टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

मुलीला फोन केला तर पलीकडून जावईच बोलले. स्वतःच्या घराच्या हप्त्यांचं त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं, आणि त्यानंही फार सभ्यपणे ऐकलं.

मग एका संध्याकाळी तो भावाच्या गल्लीत गेला. भाऊ आता कुणाच्या तरी गोदामात नोकरीला होता. दाराबाहेर लहानमोठ्या चपला होत्या, आत रेडिओ चालू होता. वाळत घातलेले कपडे काढायला एक तरुण बाई बाहेर आली, सून असावी. तिनं कोण पाहिजे म्हणून विचारलं. आपल्याच घरची सून आपल्याला ओळखत नाही, यात तिची चूक काय. "कुणी नाही," तो म्हणाला, "पत्ता चुकला." ती मदतीला पुढं येऊ लागली तसा तो मागं वळला आणि कोपऱ्यापर्यंत जरा जास्तच भरभर चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी काचेच्या खोलीच्या दारात आली. हात पुशीत उभी राहिली. एरवी खळीचं पीठ संपलं की यायची.

"मालक, बँकेला सही पाहिजे म्हणे. माझी चालते का बघा. ते गेले तेव्हा दोन खोल्या माझ्या नावावर करून गेलेत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यानं सांगितलं की हा खेळ नव्हे. मी बुडालो तर बँक तुमच्या खोल्यांवर येईल.

"मग बुडू नका," मावशी म्हणाली. "पण तो राक्षस तिथून हलवा बाई एकदाचा. नऊच उरलीत तुमची बोटं. आम्ही रोज मोजतो."

सांगायची वेळ तीच होती. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. बाहेर बाकीच्या तिघी गप्प होत्या, कान देऊन. आणि त्या शांततेत त्याला पहिल्यांदाच वाटलं की थप्प्यांच्या पलीकडून कुणीतरी आपल्याकडे बघतंय, बहुधा बरीच वर्षं बघतंय. ते सोडवेना. "उद्या अकराला बँकेत या," तो म्हणाला.

रात्रभर तो एकच वाक्य घोळवत राहिला. मशीनपाशी एक माणूस लागेलच, मावशी, आणि ते तुम्ही. वाक्य खरं होतं. तरी त्याला लाच दिल्यासारखा वास येत होता.

मावशी ठेवणीतले कपडे घालून आली. नखांतली खळ तेवढी निघाली नव्हती. मॅनेजरनं दोघांना शेजारी बसवलं आणि अर्ज पुढं ओढून जामीनदाराचं नाव विचारलं. खोकेवाला मावशीकडे बघत राहिला. पगाराच्या पाकिटावर तो इतकी वर्षं 'मावशी' एवढंच लिहीत आला होता.

"मालकांना कुठलं ठाऊक," मावशी हसून म्हणाली आणि तिनं नाव सांगितलं. छोटंसं, हलकं नाव होतं. नाचत्या पोरीला शोभावं असं.

मालकांना कितपत ओळखता, असं मॅनेजरनं विचारल्यावर मावशीनं जरा विचार केला. पगार कधी थकवला नाही, म्हणाली. आवाज चढवत नाहीत. डब्यातलं निम्मं रोज घरी परत नेतात, हे काही बरं नाही.

खोकेवाला टेबलाच्या काचेकडे बघत होता. हे तिला दिसतं हे त्याला माहीत नव्हतं.

कर्ज कशासाठी ते जामीनदाराला वाचून दाखवायचा बँकेचा नियम होता. मॅनेजरनं एका सुरात वाचलं, "पुठ्ठ्याची खोकी दुमडून चिकटवणाऱ्या स्वयंचलित यंत्राच्या खरेदीसाठी."

"चिकटवणाऱ्या?" मावशी म्हणाली.

मॅनेजरला वाटलं तिला कौतुक आहे. सगळं आपोआप होतं, तिनं उत्साहानं सांगितलं, कुणाला हातसुद्धा लावावा लागत नाही.

मावशीनं खोकेवाल्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताकडे, जिथं बोट नव्हतं तिथं.

"आणि कटर?"

"कटर तेच," तो म्हणाला.

पलीकडच्या खिडकीत कुणीतरी ठप्पे मारत होतं. रात्री घोळवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. मावशी पुढचा प्रश्न विचारेल म्हणून तो थांबला. एक प्रश्न विचारला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. तिनं विचारला नाही.

"मी शब्द दिलाय," ती मॅनेजरला म्हणाली. "कुठं करू सही?"

आधी काकांची, मग तुमची, असं सांगत मॅनेजरनं अर्ज त्याच्यापुढं सरकवला आणि पेन दिलं. अर्ज घडीचा होता, सारखा मिटू बघत होता. मावशीनं हात पुढं केला आणि सवयीनं, काही मनात नसताना, घडीवरून अंगठा दाबत वरपासून खालपर्यंत नेला, त्याला नीट लिहिता यावं म्हणून. कागद सपाट झाला. तिनं अंगठा तसाच धरून ठेवला.

खोकेवाल्यानं सही न करताच पेनाला टोपण लावलं. ते कागदावर आडवं ठेवलं, पिशवी उचलली, आणि खिडक्यांपुढच्या रांगांमधून वाट काढत बाहेर गेला.