शेवंताबाईचा उंबर

नेरूळच्या बागेत मागच्या अंगाला साठ झाडांचा एक तुकडा होता. एका जातीचं एकच झाड, प्रत्येकाच्या पायाशी नावाची पत्र्याची पाटी. साहेबलोक त्याला वृक्षसंग्रह म्हणत. करावे गावच्या शेवंताबाईच्या लेखी मात्र ते तिचं खाचरच होतं. बेहडा लावला होता तिथे बांध होता, बकुळीच्या जागी भात झोडायचं खळं. नवं शहर वसवायला जमीन गेली, मागोमाग नवरा गेला, आणि एक्क्याऐंशी साली ती त्याच मातीत रोजावर पाणी घालायला परत आली.

पहिल्याच फाल्गुनात तिच्या हातून घोळ झाला. बागेच्या आधीपासून तिथे एक जुना ऐन उभा होता. तिनं कासोटा घातला, वर चढली आणि सगळ्या फांद्या उतरवल्या. पेरणीआधी जमीन भाजायला राब, म्हणजे वाळल्या फांद्या नि पाला, लागतो. तीस वर्षं फाल्गुन आला की तिचे हात हेच करत आले होते. सुपरवायझर भगवान साळवे मराठवाड्याकडचा. त्यानं कपाळावर हात मारला.

"बाई, झाड मारलं की तुम्ही!"

"मारलं कशाला, साहेब? हलकं केलं. आता राब भाजायचा ना?"

"भाजून पेरणार कुठं? शेत कुठाय?"

शेवंताबाईनं कोयता खाली ठेवला.

पावसात तो ऐन असा काही फुटला की साळवे रोज येऊन बघून जाई. तेव्हापासून त्याचा हुकूमच होता, इथल्या झाडांना शेवंताबाईशिवाय कुणाचा कोयता लागायचा नाही.

संग्रहातला उंबर तिनंच आणलेला. रोपवाटिकेतलं रोप जळालं, तेव्हा गावच्या विहिरीच्या चिऱ्यांत उगवलेलं बोटभर रोप तिनं पदरात घालून आणलं. विहिरीवरच्या थोरल्या उंबराची फांदी नेल्याशिवाय कराव्यात मांडव उभा राहत नसे. पुढे रस्ता आला. विहीर बुजली, उंबरही गेला. त्याचं बी उरलं ते एवढंच.

शहाऐंशीच्या वैशाखात तिच्या दिराच्या, नामाच्या मुलीचं, गोजराचं लग्न निघालं. नामा साळवेकडे फांदी मागायला गेला.

"एक न्या," साळवे म्हणाला, "पण तोडणार शेवंताबाई."

नामानं मान डोलावली, पण त्याला ते पटलं नव्हतं. मांडवाच्या फांदीला विधवेचा हात लागत नसे.

सकाळी वाजंत्री लावून बायका बागेत आल्या. पुढे धवलारीण केशरबाई. तिनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हटल्याशिवाय लग्नातलं कुठलंच काम सुरू होत नसे. नामानं येताना घरचा कोयता आणला होता.

"वैनी, तू जरा बाजूला हो. लगनाचं काम हाय."

"तू शेंडाच उडवशील. तुला कुंपन तोडायची सवय."

"अगं, लोक काय म्हनतील?"

"पाच वर्षं पानी लोकांनी घातलं का याला?" शेवंताबाई खोडाला पाठ लावून उभी राहिली. "माझा हात चालत नसंल तर बेलापूरला जा, तिथला उंबर तोडा. याला कोयता मीच लावीन, नायतर कोनी नाय."

वाजंत्री थांबली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, मग सगळ्याच केशरबाईकडे. केशरबाईनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. उन्हाकडे एकदा पाहिलं. आणि फाटक्या, उंच आवाजात तिनं उंबराचा धवला धरला.

शेवंताबाईनं खोडाभोवती एक फेरी घातली. खालची एक फांदी शेजारच्या बकुळीवर रेलत होती. ती डाव्या हातात धरून तिनं एकच घाव घातला आणि फांदी नामाकडे दिली. नामानं क्षणभर थांबून दोन्ही हातांनी घेतली.

खोडावरून पांढरा चीक ओघळायला लागला. बायकांनी आणलेलं पूजेचं ताट जवळच होतं. नवरा गेल्यापासून तिनं पूजेच्या हळदीला हात लावला नव्हता. तिनं मूठभर हळद उचलली आणि ताज्या घावावर थापली. मागे कुणीतरी कुजबुजलं.

धवला मध्येच तोडून केशरबाई म्हणाली, "दाबून लाव गो, शेवंते. चीक थांबला नाय अजून."